कोळशाचे चित्र आणि धानाचे नाटक

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



'आजची कला आणि पैसा' या विषयावर बोलण्यासाठी एखाद्या चित्रकाराला किंवा नाट्यसमीक्षकाला न बोलावता अर्थशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापकाला का बोलावले, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. माझे उत्तर एवढेच की, जेथे किमतीचा प्रश्न उपस्थित होतो तेथे आमच्या शास्त्राला हजर राहावे लागते. आणि चित्राच्या किमतीइतके गूढ आज बाजारातील दुसऱ्या कोणत्याही वस्तूच्या किमतीभोवती क्वचितच असेल.

एका केळ्यापासून सुरुवात करतो. मौरित्सिओ कात्तेलान या इटालियन कलावंताने २०१९ साली अमेरिकेतील मायामीच्या कलामेळाव्यात एक केळे चिकटपट्टीने भिंतीला लावून ठेवले आणि त्याची किंमत १,२०,००० डॉलर सांगितली. कलेच्या बाजारात वाटेल त्या वस्तूला वाटेल ती किंमत कशी येते, याची ती थट्टा होती. थट्टा सर्वांना समजली आणि तरीही माल विकला गेला. पुढे नोव्हेंबर २०२४ मध्ये याच कलाकृतीची एक प्रत न्यूयॉर्कच्या लिलावात ६२ लाख डॉलरला गेली. ज्या धनिकाने ती घेतली त्याने काही दिवसांनी वार्ताहरांसमोर ते केळे खाऊनही टाकले. लिलावाच्या दिवशी लावलेले केळे जवळच्याच रस्त्यावरील फळांच्या गाडीवरून ३५ सेंटला आणले होते. ते विकणारा वृद्ध बांगलादेशातून आलेला, दुसऱ्याच्या गाडीवर तासाच्या मजुरीने राबणारा. वार्ताहराने त्याला पुढची हकीकत सांगितली तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी आले. ३५ सेंट आणि ६२ लाख डॉलर यांत सुमारे एक कोटी सत्याहत्तर लाख पटींचे अंतर आहे. आयुष्यभर मूल्यसिद्धान्त शिकविलेल्या माणसाला या अंतरापुढे क्षणभर स्तब्ध व्हावे लागते.

दुसरे उदाहरण बँक्सी या टोपणनावाने वावरणाऱ्या इंग्रज कलावंताचे. २०१८ साली लंडनमध्ये त्याचे एक चित्र सुमारे दहा लाख पौंडांना विकले गेले. लिलावाचा हातोडा पडताच चौकटीत लपविलेल्या यंत्राने ते चित्र अर्धेअधिक कातरून टाकले. बाजाराला दिलेली ती चपराक होती. बाजाराने ती कशी घेतली? कातरलेले तेच चित्र २०२१ साली एक कोटी पंच्याऐंशी लाख पौंडांहून अधिक किमतीला विकले गेले. चपराकीने मालाची किंमत अठरा पटींनी वाढली!

ही दूर देशीची गंमत म्हणून सोडून देऊ नका. मकबूल फिदा हुसेन यांनी १९५४ साली 'ग्रामयात्रा' नावाचे सुमारे चौदा फूट लांबीचे चित्र रंगविले. त्यात आहे ते नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशातील खेडे: त्याची माणसे, त्याचे बैल, त्याचे कष्ट. कित्येक दशके हे चित्र नॉर्वेतील ऑस्लोच्या एका रुग्णालयात होते. मार्च २०२५ मध्ये ते न्यूयॉर्कला लिलावात निघाले आणि सुमारे ११८ कोटी रुपयांना गेले. आता ही रक्कम आपल्या मापाने मोजू. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने साधारण धानाची आधारभूत किंमत क्विंटलला २,३६९ रुपये ठरविली. त्या भावाने ११८ कोटी रुपये म्हणजे सुमारे पाच लाख क्विंटल धान. एकरी पंधरा क्विंटल उतारा धरला तर तेहेतीस हजार एकरांवरील एका हंगामाचे पीक. खेड्याच्या एका चित्राची ही किंमत आणि चित्रातील खेड्याच्या घामाची ती किंमत!

हुसेन यांना मी दोष देत नाही. त्यांचे २०११ सालीच निधन झाले आणि त्या ११८ कोटींशी त्यांच्या कुंचल्याचा काहीएक संबंध नाही. मला सांगावयाचे आहे ते असे की, भांडवली बाजार केवळ स्तुतीच विकत घेतो असे नाही. तो टीकाही विकत घेतो, चिकटवितो, मिरवितो. सोर्स्टाइन व्हेब्लेन या अर्थशास्त्रज्ञाने १८९९ साली दिखाऊ उपभोगाची मीमांसा केली होती. गरज भागविण्याहून आपली ऐपत दाखविण्यासाठी केलेला खर्च, असा त्याचा अर्थ. आजचा धनिक त्याच्या एक पाऊल पुढे गेला आहे. पैशाची थट्टा करणारी वस्तू पैसे मोजून घरात लावणे, ही ऐपतीची सर्वांत वरची पायरी होऊन बसली आहे.

म्हणून एखादी कलाकृती पैशाविरुद्ध बोलते एवढ्यावर तिला आपल्या बाजूची समजण्याची घाई आपण करू नये. ती काय बोलते हे पाहावेच. परंतु ती कोणापुढे बोलते आणि ऐकणाऱ्याच्या हाती काय उरते, हेही तितक्याच कसोशीने विचारावे. हा प्रश्न विचारण्यासाठी न्यूयॉर्कला जाण्याचे कारण नाही. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत त्याची दोन उत्तरे आपल्यासमोर आहेत: एक कोळशातून आलेले आणि दुसरे धानातून.

कोळशाचे उत्तर प्रथम घेतो. राजुरा तालुक्यातील सास्ती हे गाव आपल्याला खाणीमुळे ठाऊक आहे. तेथे १९८६ साली जन्मलेले प्रभाकर पाचपुते हे आज जगभर नाव असलेले चित्रकार आहेत. त्यांच्या घराच्या तीन पिढ्यांचा खाणीशी संबंध. खैरागड आणि बडोदा येथे त्यांचे कलाशिक्षण झाले. शिक्षण शिल्पकलेचे, पण हाती घेतला तो कोळसा. साओ पावलो, इस्तंबूल, कोची येथील मोठ्या प्रदर्शनांत त्यांची कामे लागली. २०२१ साली वेल्समधील कार्डिफ येथे दिला जाणारा 'आर्टेस मुंडी' हा पुरस्कार सहा कलावंतांना मिळून देण्यात आला. त्या सहांत ते एक होते. वेल्स हाही एके काळचा कोळशाचा मुलूख. तेथील खाणकामगारांचा इतिहास आणि आपल्याकडील खाणींचा इतिहास यांचे धागे जुळवून, मोर्च्यांतील निशाणांचा आणि फलकांचा आधार घेऊन त्यांनी ते काम उभे केले होते.

त्यांच्या चित्रांत काय असते? माणसाचे धड असते आणि डोक्याच्या जागी कधी दिवा, कधी घर, कधी अवजार. माणूस आणि जनावर, माणूस आणि यंत्र यांची सरमिसळ असते. पोखरलेली, थरांथरांनी उघडी पडलेली जमीन असते. अर्थशास्त्राच्या पुस्तकात आम्ही 'श्रम हा उत्पादनाचा एक घटक आहे' असे वाक्य लिहितो आणि पुढे जातो. माणसाचा 'घटक' होतो म्हणजे नेमके काय होते, हे या चित्रांत दिसते. डोके जाऊन दिवा बसतो.

आणखी एक गोष्ट माझ्या मनाला विशेष भिडली. त्यांची कित्येक चित्रे कलादालनाच्या भिंतीवरच कोळशाने काढलेली असतात आणि प्रदर्शन संपले की ती नाहीशी होतात. पुसलेल्या चित्राचा लिलाव कसा करणार? वस्तूच उरत नसेल तर विकावयाचे काय? पाचपुते यांची कॅनव्हासवरील चित्रे विकली जातात आणि विकली गेलीच पाहिजेत. कलावंतालाही पोट आहे. पण बाजाराच्या हाती न लागणारे असे काहीतरी त्यांनी आपल्या कामात राखून ठेवले, याचे मोल मला मोठे वाटते. चित्रकाराचा कोळसा लाकडाचा असतो आणि खाणीतला दगडी. परंतु दगडी कोळसा म्हणजे तरी काय? कोट्यवधी वर्षांपूर्वी गाडले गेलेले जंगलच. आपल्या जिल्ह्यांतून आधी लाकूड गेले, मग बांबू गेला, कोळसा जातो आहे, आणि आता माडिया समाज ज्या डोंगरावर ठाकुरदेवाला पुजतो त्या सूरजागडचे लोखंडही निघाले आहे. जाणाऱ्या मालाची यादी लांबते. ज्या मातीतून तो जातो तिच्या वाट्याला काय राहते, हा प्रश्न काढून टाकला तर या चित्रांत काही उरणार नाही.

आता मी आपल्याला एक साधा प्रश्न विचारतो. या सभागृहात राजुरा, बल्लारपूर, घुग्घूस, भद्रावती येथून आलेले साथी आहेत. खाणीत काम केलेले आहेत. पाचपुते यांचे एक तरी चित्र प्रत्यक्ष ज्यांनी पाहिले असेल त्यांनी हात वर करावा.

एकही हात वर झालेला नाही. मीही बहुतेक चित्रे छायाचित्रांतच पाहिली आहेत, तेव्हा आपल्याला हिणविण्याचा अधिकार मला नाही. यात त्या चित्रकाराचाही दोष नाही. ही वाटच तशी बांधलेली आहे. चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट आहे. वीज तारांवरून दूर जाते, राख आणि धूर येथेच राहतो. कोळशाचा प्रवास बाहेरच्या दिशेने, विजेचा प्रवास बाहेरच्या दिशेने, आणि त्या कोळशाच्या दुःखातून निघालेल्या चित्राचा प्रवासही बाहेरच्याच दिशेने! १९७३ साली कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले तेव्हा आपल्यासारख्यांनी त्याचे स्वागत केले आणि ते योग्यच होते. पण मालकी सरकारची झाली म्हणून मालाच्या जाण्याची दिशा बदलली नाही.

आता दुसरे उत्तर, धानाचे. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूर या चार जिल्ह्यांच्या पट्ट्यात झाडीपट्टीची रंगभूमी उभी आहे, हे आपल्याला मी सांगावयास नको. दिवाळी झाली, धान घरी आले की मंडई भरते, शंकरपट होतो आणि रात्री नाटक. देसाईगंज, म्हणजे आपली वडसा, हे या व्यवसायाचे केंद्र. तेथे नाटक कंपन्यांच्या कचेऱ्या थाटलेल्या असतात. गावचे मंडळ ठरावीक रकमेला नाटक ठरवते, मंडप घालते, तिकिटे विकते. चार पैसे उरले तर ते गावच्या कामाला लागतात. तोटा आला तर मंडळाची पोरे तो सोसतात. रात्री उशिरा पडदा उघडतो आणि उजाडताना प्रेक्षक घरी जातात. या रंगभूमीवर उभे आयुष्य काढलेले गडचिरोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा शहरातील पुष्कळांना ही रंगभूमी आहे हे प्रथमच कळले. प्रेक्षकांना मात्र ते पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते.

मी नोकरीला लागलो त्या काळात हंगामाच्या दिवसांत सकाळच्या पहिल्या तासाला निम्मा वर्ग पेंगत असे. मी रागावत असे. एकदा एका विद्यार्थ्याला उभे करून विचारले, तर तो शांतपणे म्हणाला, "सर, चक्रवाढ व्याज म्हणजे काय ते काल रात्री नाटकात समजले. तुमच्या तासाला समजले नव्हते." वर्ग हसला. मीही हसलो; पण ते वाक्य मी विसरलो नाही. कर्ज, दारू, हुंडा, जमिनीचा वाटा, शिकून शहराकडे गेलेला मुलगा: पैशाने माणसाचे काय होते याचाच हिशेब ही नाटके रात्रभर मांडत असतात. आणि तो ज्यांच्यापुढे मांडतात त्यांनी तिकिटाचे पैसे धान विकून आणलेले असतात. लिलावातील धनिकाला थट्टा विकत घ्यावी लागते. येथे प्रेक्षक स्वतःच्याच व्यथेचे तिकीट काढतो.

तथापि, आपली म्हणून या रंगभूमीचे गोडवे गाऊन मी थांबणार नाही. हाही एक व्यवसाय आहे. त्यात कंपन्यांची चढाओढ आहे, गर्दी खेचण्यासाठी घातलेली नाचगाणी आहेत, जाहिरातीत मोठ्या अक्षरांत छापलेली बाहेरची नावे आहेत. नट-नटींना काम असते ते हंगामापुरते. पावसाळ्यात त्यांतले बरेच शेतात किंवा मजुरीवर असतात. नोव्हेंबर २०१६ मध्ये हंगाम नुकता सुरू झाला असताना नोटाबंदी आली. जेथे तिकीटही रोख आणि बिदागीही रोख, तेथे तिचा अर्थ काय झाला असेल हे सांगण्यास अर्थशास्त्रज्ञ नको. पुढे २०२० साली करोनाच्या साथीने रंगमंचच बंद पाडला.

आणखी एक उणीव आहे, ती मला अधिक महत्त्वाची वाटते. या नाटकांतला खलपुरुष बहुधा गावातलाच असतो: लोभी सावकार, दारुडा मुलगा, खर्चिक सून. त्याचे हृदयपरिवर्तन झाले किंवा त्याला शिक्षा झाली की नाटक संपते आणि प्रेक्षक समाधानाने घरी जातो. परंतु धानाचा भाव ठरविणारा रंगमंचावर येत नाही. खाणीसाठी गेलेल्या जमिनीचा मोबदला ठरविणारा येत नाही. ज्याच्या कारखान्यासाठी कोळसा जातो तो येत नाही. दोष माणसाच्या स्वभावाचा ठरतो आणि व्यवस्था विंगेत उभी राहून सुटते.

साथींनो, मला आज जे सांगावयाचे आहे ते हेच. पाचपुते यांच्या चित्रात व्यवस्था दिसते, पण ती ज्यांच्यावर चालते ते लोक चित्रासमोर नाहीत. झाडीपट्टीच्या मंडपात लोक आहेत, पण व्यवस्था दिसत नाही. एकाजवळ जे आहे त्याची दुसऱ्याला गरज आहे. आणि ही दोन्ही आपल्याच दोन जिल्ह्यांत, एकमेकांपासून दिवसभराच्या एस.टी. प्रवासाच्या अंतरावर आहेत!

येथे आपल्याच एका सवयीबद्दल बोलणे भाग आहे. चंगळवादावर आपण पुष्कळ भाषणे करतो. खेड्यातील पोराने हप्त्यावर मोटारसायकल घेतली, मोबाइल घेतला, लग्नात डीजे लावला की आपण उसासे टाकतो. पण ज्याला कालपर्यंत काहीच मिळाले नव्हते त्याने काही हवे म्हणणे, याला चंगळ म्हणण्याचा अधिकार पोट भरलेल्यांना कोणी दिला? बारा मैल चालत दवाखान्यात जाणाऱ्या घरी मोटारसायकल आली तर ती चंगळ नव्हे. चंगळवाद वस्तूत नसतो. ज्या व्यवस्थेत माणसाची पत त्याच्या खरेदीवरून ठरते आणि त्याचा हप्ता दुसऱ्याचा नफा होतो, त्या व्यवस्थेत तो असतो. कलेने हे दाखवावे. नुसती पोरांना नावे ठेवणारी कला आणि नुसती नावे ठेवणारे भाषण यांचा उपयोग सारखाच.

'आधी पाणी, आधी दवाखाना, मग चित्र', असे कोणी म्हणेल. त्याचे म्हणणे मला मान्य आहे. खाणीच्या उत्पन्नातून जिल्हा खनिज प्रतिष्ठानाकडे येणारा पैसा पाणी, आरोग्य आणि शिक्षण यांवरच आधी खर्च झाला पाहिजे आणि त्याचा हिशेब ग्रामसभेत वाचून दाखविला पाहिजे. त्यातील एक रुपयाही चित्रांकडे वळवा असे मी म्हणत नाही. पण आपले पाणी का गढूळ झाले आणि कोणासाठी झाले, हे ज्याला दिसत नाही तो पाणी मागतानाही हात जोडूनच मागतो. दिसणे ही लढ्याची पहिली पायरी आहे, आणि दाखविणे हे कलेचे कामच आहे.

आपल्या चळवळीला हे नवे नाही. १९३८ साली हरिपुरा येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले तेव्हा गांधीजींच्या सांगण्यावरून नंदलाल बोस यांनी कागदावर खेड्यातील माणसांची चित्रे रंगविली: सुतार, शिंपी, ढोल वाजविणारा, धान्य कांडणारी बाई. ती अधिवेशनाच्या आवारात लावली होती आणि येणारा-जाणारा शेतकरी ती फुकट पाहत होता. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने महाराष्ट्र पालथा घातला. वसंत बापटांसारखा कवी आणि निळू फुल्यांसारखा नट त्यात घडला. ती परंपरा आपण जयंती-पुण्यतिथीच्या भाषणांत आठवतो आणि भाषण संपल्यावर विसरतो.

तेव्हा तीन साध्या गोष्टी सुचवितो आणि थांबतो.

पहिली. पाचपुते यांना, तसेच खाण, जंगल आणि श्रम यांवर काम करणाऱ्या अन्य चित्रकारांना पत्र लिहून, त्यांच्या परवानगीने आणि योग्य ते मानधन देऊन, निवडक चित्रांच्या साध्या कागदावरील छापील प्रती कराव्यात. त्या युनियनच्या कचेरीत, आठवडी बाजारात, मंडईच्या मैदानावर लावाव्यात. शेजारी भाषण ठेवू नये. लोकांना आधी पाहू द्यावे आणि ते काय म्हणतात ते आपण ऐकावे.

दुसरी. पुढच्या हंगामाआधी झाडीपट्टीच्या नाटककारांसोबत दोन दिवस बसावे. आपले प्रचारनाटक त्यांच्या गळ्यात बांधावयाचे नाही. लोक ते दहा मिनिटांत ओळखतात आणि उठून जातात. धानाचा भाव कसा ठरतो, भूसंपादनाचा कागद कसा वाचावा, बचतगटाच्या कर्जावर व्याज किती पडते, एवढी माहिती त्यांच्यापुढे ठेवावी. नाटक कसे करावयाचे ते त्यांना आपल्यापेक्षा चांगले कळते.

तिसरी. हंगाम संपल्यावर हातात काही न उरणाऱ्या कलावंतांची गावोगाव नोंद करावी. ज्येष्ठ कलावंतांसाठी राज्य शासनाची मानधन योजना आहे. असंघटित कामगारांच्या नोंदणीची सोयही आहे. अर्ज भरून देणे, दाखले मिळवून देणे, तालुक्याच्या कचेरीत खेटे घालणे हे कलासमीक्षकाचे काम नाही, कार्यकर्त्याचे आहे. रात्रभर आपल्याला पैशाची गोष्ट सांगणाऱ्या नटीच्या म्हातारपणी तिच्या हाती पैसाच नसेल, तर पैशावरील आपली सारी टीका फुकट आहे.

या तिन्ही सूचनांवर संध्याकाळच्या बैठकीत चर्चा व्हावी आणि त्यांतली निदान एक कोणत्या तालुक्याने अंगावर घ्यावयाची ते आजच ठरावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.